टाचेवरचा बिब्बा

काशीमिऱ्याच्या गॅरेजात मी अठ्ठावीस वर्षं गाड्यांना रंग मारतोय. डेंटिंगवाला पत्रा ठोकून सरळ करतो आणि मग गाडी माझ्याकडे येते. पांढऱ्या रंगाच्या एकोणीस जाती मला डोळे झाकून सांगता येतात. डोळे झाकून कशा, असं विचारू नका. वासावरून. एकदा मी टपरीवर चहा पीत होतो आणि एका शेठची मोटार हायवेवरून सुसाट गेली. मी तिथूनच ओरडलो, "मागचा डावा दरवाजा बदललाय! रंग अर्धा शेड पिवळा लागलाय!" शेठ विरारला पोचायच्या आत ही गोष्ट त्याच्या कानावर गेली होती, असं म्हणतात. मीच म्हणतो, पण म्हणतात.

आणि ह्याच डोळ्यांसमोर, गोडदेवच्या आमच्या दीड खोल्यांत, माझ्या बायकोच्या उजव्या टाचेवर एक काळा डाग वर्षभर वाढत होता. तो मला दिसला नाही. आज तो तिच्या जिवावर उठलाय. ती राहते की जाते, एवढा एकच प्रश्न सध्या आमच्या घरात आहे. पाणी आलं का, गॅस संपला का, हे आम्ही नुसतं सवयीने विचारतो.

सुरुवात बिब्ब्यापासून सांगतो. संक्रांत होऊन महिनाभर झाला असेल. सकाळी डबा भरताना ती म्हणाली, "अहो, टाचेला भोवरी झालीय. येताना पाच बिब्बे आणा." टाचेची कातडी घट्ट होऊन आत खडा बसल्यासारखं टोचतं, ती भोवरी. आम्ही दोघंही रत्नागिरीकडचे. आमच्याकडे काटा मोडला, बिब्बा. भोवरी झाली, बिब्बा. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायची, काळं तेल सुटलं की कढत कढत लावायचं. कातडी भाजते, काळी पडते, खपली धरते आणि निघून जाते. ह्यात डॉक्टरला विचारण्यासारखं काय आहे? पायाच्या भोवरीसाठी डॉक्टरकडे गेला, असा माणूस आमच्या सात पिढ्यांत नाही.

मी बिब्बे आणले. ती दिव्यापाशी भिंतीला टेकून बसली, पाय आडवा घेतला आणि स्वतःच चटके द्यायला लागली. मी समोर सहा फुटांवर खुर्चीत. बाईमाणूस स्वतःला भाजून घेतंय आणि आपण गप्प कसं बसायचं? म्हणून मी तिला आमच्या आजोबांचा हत्ती सांगितला. गावात सर्कस आली होती, सर्कशीच्या हत्तीला भोवरी झाली. चार माणसं पाय धरायला, दोघं दिवा धरायला आणि आजोबा हातात दाभण घेऊन. तीन गावचे बिब्बे संपले. हत्ती बरा झाला आणि पुढे दर चतुर्थीला सर्कस सोडून आजोबांना भेटायला यायचा, म्हणून आमच्या गावात गणपतीची मूर्ती आणायची कधी गरजच पडली नाही.

"अहो, हसवू नका, सुई घसरेल," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, हसून आलंय.

माझं तोंड तिच्याकडे होतं. पायाकडे मी पाहिलं नाही. आणि नंतर कधी नजर गेलीच असेल तर टाच काळी होती, आणि बिब्बा लावल्यावर टाच काळी असणारच. दीड-दोन महिन्यांनी ती पुन्हा म्हणायची, "बिब्बे आणा." मी पुन्हा आणायचो.

त्याच वर्षी श्रावणात आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात कॅम्प घ्यायला एक मुलगी आली. सांगलीकडची, चष्म्याची, पाठीवर एवढी मोठी बॅग की वाटावं, घर सोडून आलीय. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात ती कातडीच्या एका कॅन्सरवर संशोधन करत होती. मेलानोमा म्हणतात त्याला. गोऱ्या लोकांना तो उन्हाने पाठीवर, हातापायांवर होतो. आपल्याकडे कमी होतो, पण होतो तेव्हा बरेचदा ऊन पोचतच नाही अशा जागी होतो. तळपायाला, तळहाताला, नखाखाली. काळा डाग म्हणून सुरू होतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि लवकर सापडला तर नुसता कापून काढला की माणूस सुटतो. फोटो बघून तो ओळखायला ते लोक कॉम्प्युटरला शिकवत होते.

"पण अडचण काय आहे, काका," ती म्हणाली, "आत्तापर्यंत त्याने बघितलेत ते बहुतेक गोऱ्या कातडीचे फोटो. आपले तळपाय त्याच्या बघण्यातच नाहीत."

"म्हणजे शाळेत गेला, पण आपल्या वर्गात बसलाच नाही."

"अगदी तसंच. म्हणून मला सगळे पाय हवेत. चांगले, भेगाळलेले, तीळवाले, भोवरीवाले. फरक कळायला पाहिजे ना त्याला."

हॉल भरलेला होता, पण पाय कुणी पुढे करेना. ती मुलगी जमिनीवर मांडी घालून बसलेली आणि समोर खुर्ची ठेवलेली. म्हणजे तुम्ही खुर्चीत बसायचं आणि शिकलेल्या पोरीच्या तोंडासमोर तळपाय धरायचा. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून डोळ्यांना लावणारी माणसं आम्ही! आम्ही एकमेकांचे पाय धरतो, पायांवर डोकं ठेवतो, पण तळवा? तळवा कुणी कुणाला दाखवत नाही. राई गावाहून मासळी विकायला येणारी एक म्हातारी टोपली दाराशी ठेवून आत आली होती. ती उठली. "हाय काय त्या पायान बगन्यासारकं? न्हाय दाखवाची," म्हणाली आणि चालती झाली. तिच्या मागोमाग आणखी चौघी.

मुलीचं तोंड पडलेलं मला बघवेना. मी पुढे झालो, खुर्चीत बसलो आणि दोन्ही पाय ताणून दिले. माझ्या डाव्या तळव्याला पत्र्याने कापल्याचा व्रण आहे. तिने विचारलं, हे कशाने? मी म्हणालो, "पाकट माशाने. राईच्या खाडीत. पाकट किती मोठं? ह्या हॉलचं छप्पर बघ. त्यात पंखे लावायचे राहिले होते, एवढाच फरक. त्याने शेपटी मारली, मी शेपटी धरली, आणि त्याने मला वसईच्या किल्ल्यापर्यंत ओढत नेलं. येताना बसने आलो. कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं." हॉल असा हसला की बाहेरून माणसं डोकावायला लागली. मग एक उठला, त्याच्या मागून दुसरा. दुपारपर्यंत रांग लागली. मी प्रत्येक पायाला एकेक गोष्ट लावून देत होतो, भोवरीवाल्याला आजोबांचा हत्ती. मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला आमच्याकडे नोकरीलाच ठेवायला पाहिजे."

माझी बायको मागच्या रांगेत सतरंजीवर बसली होती. दोन्ही पाय साडीखाली घेऊन.

"काकू, तुमचे?" मुलीने विचारलं.

"नको गं बाई. लेकीसारखी आहेस. तुझ्या तोंडासमोर पाय कसा धरू?"

आणि मी पुढून ओरडलो, "तिचे पाय लक्ष्मीचे आहेत! फोटो काढायचा तर आधी नारळ फोडावा लागेल!"

हॉल हसला. मुलगी हसली. बायकोही तोंडाला पदर लावून हसली आणि तिने पाय आणखी आत ओढून घेतले. मुलगी पुढच्याकडे वळली.

जन्मभर बोललो त्यातलं हे एवढं एक वाक्य मला परत हवंय.

होळीच्या सुमाराला तिच्या घरातल्या चपलेवर, टाच टेकते तिथे, तपकिरी डाग दिसला. मला वाटलं, कुणाच्या पानाच्या पिचकारीवर पाय पडला असेल. गॅरेजातली सवय, मी अंगठा घासला. अंगठ्याला लाल आलं.

"अगं, हे काय?"

"बिब्बा जरा जास्त लागला असेल."

"बघू पाय."

"काय बघायचंय त्यात? कामाला जा."

"बघू म्हणतो ना!"

तीस वर्षांच्या संसारात मी तिचा पाय पहिल्यांदा हातात घेतला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. एक काळा डाग असेल असं वाटलं होतं. तिथे चार रंग होते. मधे डांबरासारखा काळा, एका बाजूला तपकिरी, एका बाजूला राखाडीत निळसर, आणि जिथून ओघळत होतं तिथे कच्चं गुलाबी. कडा अशी, की ओल्या रंगावर थिनर सांडून तो पसरत जावा. अशी गाडी माझ्याकडे आली असती तर मी मालकाला सांगितलं असतं, शेठ, वरून रंग मारू नका, गंज आतून आलाय, पत्रा कापावा लागेल. गंजावर पुट्टी भरणाऱ्या पोरांना मी शिव्या घालतो. आणि घरात आम्ही वर्षभर गंजावर बिब्बा लावत होतो.

मुलीचा नंबर कॅम्पच्या कागदावर होता. दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. बायको तिथेही पाय वर करेना. शेवटी मुलगी खाली बसली आणि तिने पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. बायकोने वाकून तिच्या गुडघ्याला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. मुलीने भिंगाचा कॅमेरा टाचेवर टेकवला. पडद्यावर टाच शेताएवढी दिसायला लागली.

मी म्हणालो, "बोल की."

"काका, ऊस लावताना सऱ्या पाडतात, बघितलंय तुम्ही?"

"सरी आणि वरंबा. म्हणजे चर आणि त्याच्या बाजूचा उंचवटा."

"तळपायाच्या रेघा तशाच असतात. साधा तीळ असला तर रंग सरीत बसतो." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "इथे तो वरंब्यावर चढलाय."

मला दिसत होतं. तिने सांगायच्या आधी दिसलं होतं. वरंब्यावरून जाडजूड काळे पट्टे. आणि अर्ध्या भागात तर सरीही नव्हती आणि वरंबाही नव्हता, बिब्ब्याने सगळं भाजून सपाट केलेलं. तिने तो फोटो कॉम्प्युटरलाही दाखवला. त्याचं उत्तर आलं, सांगता येत नाही.

"बिब्बा त्याने कधी बघितलेलाच नाही," ती म्हणाली.

मग मोठे डॉक्टर आले. त्यांना एवढंच हवं होतं: डाग आधी की बिब्बा आधी? डाग कधीपासून आहे? किती वाढला? तुकडा काढून तपासायचा तर होताच, पण आधी हकीकत लिहून घ्यायची असते. ते माझ्याकडे बघत होते, कारण नवऱ्याला माहीत असतं असा समज आहे. मी तोंड उघडलं. आईशप्पथ, मला खरंच तारीख सांगायची होती. पण भीतीने जिभेचा ब्रेक फेल झाला. "डॉक्टरसाहेब, त्याचं काय आहे, आमच्या गावात एकदा सर्कस आली होती..."

मुलीने पेन खाली ठेवलं. "काका, प्लीज. हत्ती नको. महिना सांगा."

मी शोधलं. तीस वर्षं उलटीपालटी केली. त्यात मला माझेच आवाज ऐकू येत होते, तिची टाच कुठे दिसेना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"डाग आधी," बायको म्हणाली. "बिब्बा नंतर. मागच्या वर्षी संक्रांतीला तिळाएवढा होता. वाटलं भोवरी. पावसाळ्यात रुपयाएवढा झाला."

"म्हणजे कॅम्पला होता?" मुलीने विचारलं.

"होता की."

"मग काकू, दाखवला का नाही?"

बायकोने तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. "सगळे हसत होते गं. मी पाय पुढे केला असता आणि तू गप्प झाली असतीस, तर सगळा हॉल गप्प झाला असता."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. ह्यात लिहिण्यासारखं काय होतं कोण जाणे.

तुकडा काढला आणि रिपोर्टची वाट बघणं सुरू झालं. त्या दिवसांत मी काय नाही केलं! गोडदेवच्या देवीला साडी बोललो, उत्तनच्या चर्चला मेणबत्ती, नाक्यावरच्या दर्ग्याला चादर. देवांची युनियन असेल तर माझी फाइल सगळ्यांकडे एकदमच पोचली असणार. रिपोर्टच्या खिडकीवरच्या माणसाला म्हणालो, तुझ्या स्कूटरला फुकट रंग मारतो, सात कोट मारतो, तुझ्या नातीच्या हुंड्यात देता येईल अशी करतो. तो म्हणाला, "काका, रिपोर्ट मी बनवत नाही, मी फक्त देतो." मुलीला दिवसाला नऊ नऊ फोन. तिने एकदाही कापला नाही.

मेलानोमाच निघाला. किती खोल गेलाय ते मिलिमीटरमध्ये मोजतात. गाडीवरचा रंग आम्ही त्याहून बारीक मोजतो, त्याचं गेज माझ्या खिशात असतं, आकड्यांना मी घाबरत नाही. डॉक्टरांनी आकडा सांगितला. मी विचारलं, "हे जास्त आहे का?" ते म्हणाले, "आमच्या मनासारखं नाही." त्या रात्री मेव्हणीचा फोन आला तेव्हा मी तो आकडा अर्धा करून सांगितला. हत्तीचा डोंगर करणारा मी, मिलिमीटर चोरत होतो.

ऑपरेशन झालं. टाच कापून काढली, मांडीची कातडी तिथे बसवली. जांघेतल्या गाठी काढून तपासल्या, एकीत पोचला होता. मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. कुबडीवर ती मोरीपर्यंत जायची आणि मी मागून हात पसरून, जसं काही ती विमानातून उडी मारणार आहे.

तेव्हाच एकदा ती मुलगी घरी आली. काकूंच्या टाचेचे फोटो आणि काढलेला तुकडा संशोधनासाठी कायमचा ठेवायला सही हवी होती. मी तिच्यावर असा खेकसलो की वरच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला. "तुमचं मशीन शिकेल, पास होईल, पेढे वाटेल! तोवर माझ्या बायकोचं काय? तिला काय उपयोग ह्या फोटोचा?"

मला वाटलं, ती काहीतरी धीराचं बोलेल. तिने चष्मा काढला. "काकूंना उपयोग नाही, काका," ती म्हणाली. "काकूंसाठी नाहीच आहे हे."



"इकडे दे गं कागद," बायको कॉटवरून म्हणाली. "बिब्बा लावलेला पाय त्याच्याकडे दुसरा आहे का?"

"नाही, काकू."

"मग हा घे. बिब्ब्यासकट घे. बायका लावणारच. तुझ्या कॅम्पला किती जणी पाय लपवून बसल्या होत्या ते मला माहितीय, मी मागे बसले होते." सही करून तिने पेन टोपण लावून परत दिलं. "आणि खालच्या भाभीचा अंगठा बघून जा. नखाखाली काळी रेघ आहे. दार लागलं म्हणते."

मुलगी जिना उतरून तशीच भाभीकडे गेली. भाभीच्या अंगठ्याला खरंच दारच लागलेलं निघालं. नख वाढेल तसा डाग पुढे सरकत गेला आणि कापून टाकता आला. भाभीने गल्लीभर लाडू वाटले. मी एक खाल्ला. दुसरा गच्चीवर नेऊन जोरात भिंतीवर मारला.

गेल्या आठवड्यात स्कॅन झाला. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. वाईट असलं की घरच्यांना आधी सांगायचं, पेशंटला झेपेल तेवढं मग घरचे सांगतील, अशी आपल्याकडची रीत. त्यांनी सांगितलं. मी बाहेर आलो, तिला उठवलं, औषधं घेतली, पिशवी घेतली. दहिसरला टॅक्सी सोडून रिक्षा केली. काशीमिऱ्याच्या सिग्नलला रिक्षा दोन ट्रकांच्या मधे अडकली आणि तिथे तिने विचारलं.

"काय म्हणाले?"

माझ्याकडे तीन गोष्टी तयार होत्या. टॅक्सीतच जुळवल्या होत्या. एकीत रिपोर्ट दुसऱ्याच बाईचा आला होता, एकीत औषध इतकं लागू पडलं होतं की परदेशी डॉक्टर बघायला येणार होते. तिसरी आठवत नाही. तिन्ही चांगल्या होत्या. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"फुप्फुसात दोन ठिपके आलेत," मी म्हणालो.

"नवीन?"

"नवीन. हे औषध लागू पडत नाहीये."

"दुसरं आहे?"

"आहे एक. चालेल की नाही, त्यांनाही माहीत नाही."

ट्रकवाल्याने हॉर्न मारला. ती थांबली, हॉर्न संपू दिला.

"वाढवून नाही ना सांगत?"

"नाही."

"कमी करून?"

"नाही गं."

तिने कुबडी मांडीवरून काढून बाजूला उभी केली. "किती दिवस, ते विचारलंत?"

"नाही."

"का?"

मी ट्रकच्या चाकाकडे बघत राहिलो.

"सोमवारी दोघं जाऊ," ती म्हणाली. "मी आत येणार. जे काय आहे ते माझ्यासमोर बोला म्हणावं. विचारायचं ते मी विचारीन, तुम्ही नुसते बसा."

सिग्नल सुटला. रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं, "गोडदेव में किधर उतरना है?"

मी तिच्याकडे बघितलं.

"सीधा लो, भैया," ती म्हणाली. "मैं बताती हूँ."